सिंगापूर ते न्यूयॉर्क: एका मार्गाची चार अंतरं आणि प्रवासवेळेचा हिशेब

सिंगापूरचा चांगी विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जेएफके यांच्यातलं अंतर शोधायला बसलं की थोड्याच वेळात चार आकडे समोर येतात. पृथ्वी अगदी गोल धरली तर १५,३४० किलोमीटर. विमानप्रवासाच्या तक्त्यांमध्ये १५,३४९. सिंगापूर एअरलाइन्सने २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या शेजारच्या न्यूअर्कची थेट सेवा जाहीर केली तेव्हा दिलेला आकडा सुमारे १६,७००. आणि शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर त्या रेघेची खरी लांबी १८,५००. वेळेचंही तेच. एक हिशेब १७ तास सांगतो, दुसरा १९ तास ४१ मिनिटं, आणि २०२० च्या वेळापत्रकात १८ तास ५ मिनिटं छापलेली होती.

यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. माझं या प्रकरणातलं म्हणणं एवढंच आहे, की अंतर काढताना माणसं पृथ्वीच्या नेमक्या आकारावर डोकं लढवतात आणि जिथे तास-दोन तासांची चूक दडलेली असते तिकडे बघतही नाहीत. सिंगापूर–न्यूयॉर्क ही जोडी हे दाखवायला फार चांगली आहे. अंतर प्रचंड, एक टोक विषुववृत्ताला चिकटलेलं, आणि दोघांचे रेखांश जवळजवळ समोरासमोर. जवळच्या दोन शहरांत जी चूक लपून जाते, ती इथे ठळक दिसते.

गोलावरचं अंतर

सुरुवात अक्षांश-रेखांशांपासून. चांगी: १.३५९२ अंश उत्तर, १०३.९८९४ अंश पूर्व. जेएफके: ४०.६३९८ अंश उत्तर, ७३.७७८९ अंश पश्चिम. शहराचे नव्हे, विमानतळाचे अंश घ्यायचे. मोठ्या शहराचा मध्य आणि त्याचा विमानतळ यांत तीस-चाळीस किलोमीटर सहज असतात.

पहिला खड्डा इथेच आहे. पश्चिम रेखांश सूत्रात उणे चिन्हाने जातो. ते चिन्ह राहिलं तर गणित कुठेही अडत नाही, मुकाट्याने ५,३२१ किलोमीटर असं उत्तर देतं, कारण ४०.६४ उत्तर आणि ७३.७८ पूर्व हा बिंदू किर्गिझस्तानच्या डोंगराळ भागात येतो. आकडा दिसायला अगदी साजरा असतो, म्हणून ही चूक नजरेतून निसटते. दुसरी नेहमीची गफलत अंश आणि रेडियन या कोन मोजायच्या दोन एककांची. गणकयंत्र रेडियनमध्ये असताना अंश भरले तर काहीही उत्तर येतं, पण ते बहुधा इतकं विचित्र असतं की लगेच लक्षात येतं.

आता सूत्र. गोलावरच्या दोन बिंदूंमधला केंद्रीय कोन, म्हणजे ते दोन बिंदू गोलाच्या केंद्राशी करतात तो कोन, काढायचा. त्याचा कॉस म्हणजे दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कॉसचा गुणाकार. रेखांशांतला फरक १०३.९८९४ + ७३.७७८९ = १७७.७६८३ अंश. मग:

०.०२३७ × ०.६५१३ = ०.०१५४

०.९९९७ × ०.७५८८ × (−०.९९९२) = −०.७५८०

बेरीज −०.७४२६. हा कॉस असलेला कोन १३७.९५२ अंश. सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एक अंश म्हणजे १११.१९५ किलोमीटर, आणि गुणाकार येतो १५,३४० किलोमीटर.

हे उत्तर पडताळायला या जोडीत एक सुरेख सोय आहे. रेखांशांतला फरक १८० अंशांच्या इतका जवळ आहे, की मार्ग जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जातो. म्हणजे चांगीपासून ध्रुवापर्यंत ८८.६४ अंश, ध्रुवापासून जेएफकेपर्यंत ४९.३६ अंश, एकूण १३८. त्याला १११.२ ने गुणलं की १५,३४५ च्या आसपास आलो. कागदाच्या कोपऱ्यात होणारं गणित, आणि सूत्राच्या उत्तरापासून पाच-सहा किलोमीटरच लांब. लांबच्या कुठल्याही जोडीसाठी अशी ढोबळ पडताळणी आधी करून ठेवावी, असं मी आग्रहाने सांगेन. मघाचे ५,३२१ किलोमीटर या चाळणीतून कधीच सुटले नसते.

पृथ्वी अर्थातच अगदी गोल नाही. विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५६.७५२. हा चपटेपणा धरून हिशेब केला की उत्तर १५,३४९ च्या आसपास जातं. त्यासाठी १९७५ मधली व्हिन्सेंटी यांची पद्धत बरीच वापरली जाते. मात्र दोन बिंदू पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असले तर ती पद्धत कधीकधी उत्तरापर्यंत पोचतच नाही. इथे कोन १३८ अंश आहे, त्यामुळे ती अडचण येत नाही.

गोलाचं उत्तर आणि चपट्या पृथ्वीचं उत्तर यांत फरक ९ किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला हे अंतर कापायला ३६ सेकंद लागतात. १८ तासांच्या प्रवासात ३६ सेकंद! जमिनीच्या मोजणीत हा फरक मोलाचा आहे, प्रवासवेळेच्या हिशेबात त्याला काहीच वजन नाही.

नकाशावरची रेघ

मर्केटर पद्धतीच्या, म्हणजे शाळेतल्या भिंतीवर असतो तशा सपाट नकाशावर सिंगापूरहून न्यूयॉर्ककडे पट्टीने रेघ ओढली तर ती हिंदी महासागर, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक पार करत जाते. ही रेघ सतत एकाच दिशेने जाण्याची आहे, सर्वांत जवळच्या मार्गाची नाही. तिची लांबी १८,५०० किलोमीटर, म्हणजे तीन हजारांहून जास्त किलोमीटरचा फेरा.

जवळचा मार्ग बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर असतो. चांगीहून निघताना त्याची दिशा ३५७.५ अंश, म्हणजे उत्तरेच्या किंचित पश्चिमेला. न्यूयॉर्कला जायला निघालेलं विमान सरळ उत्तरेला तोंड करतं. थायलंडचं आखात, लाओस, चीन, मंगोलिया आणि सैबेरियावरून हा मार्ग ध्रुवापासून अवघ्या २८० किलोमीटरवरून जातो आणि पलीकडे बॅफिन बेट आणि क्वेबेकवरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला तर हे लगेच पटतं. सपाट नकाशा डोक्यातून जायला मात्र वेळ लागतो.

जेएफकेऐवजी न्यूअर्क घेतलं तर अंतर १५,३४४ किलोमीटर होतं. हे दोन विमानतळ एकमेकांपासून तीसेक किलोमीटरवर आहेत, पण चांगीपासूनच्या अंतरात फरक फक्त पाचाचा, कारण मार्ग उत्तरेकडून येतो आणि ते दोघे पूर्व-पश्चिम शेजारी आहेत.

विमान त्या रेषेवरून का जात नाही

आता १६,७०० वर येऊ. ती वाढ तेराशेहून जास्त किलोमीटरची आहे, म्हणजे जवळजवळ दीड तासाची. पृथ्वीच्या चपटेपणाशी तिची तुलनाच होत नाही.

ध्रुवाजवळून उडणं शक्य आहे. तसे मार्ग नियमित वापरातही आहेत. पण तिथे अटी वाढतात. साधारण ८२ अंश अक्षांशापलीकडे विषुववृत्तावरच्या भूस्थिर उपग्रहांशी नीट संपर्क राहत नाही. चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही. बाहेरचं तापमान फार खाली गेलं तर इंधनाकडे लक्ष ठेवावं लागतं. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला आणि जेट ए उणे ४० ला गोठण्याच्या मर्यादेवर येतं. वाटेत एखादं इंजिन बंद पडलं किंवा कुणी प्रवासी गंभीर आजारी झाला तर उतरायला योग्य विमानतळ ठरावीक वेळेच्या आत हवा. शिवाय आकाशालाही मालक असतात. प्रत्येक देशाचा परवाना आणि शुल्क वेगळं, आणि २०२२ पासून अनेक देशांच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे.

पण सिंगापूरहून जाताना याहून मोठं कारण वारा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे प्रवाह वाहतात, आणि हिवाळ्यात जपानच्या आसपासचा प्रवाह जगातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांपैकी असतो. सिंगापूरहून ईशान्येला निघून जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिक ओलांडला, तर जमिनीवरचं अंतर वाढतं पण वारा पाठीशी येतो. विमानाला जमिनीवरच्या किलोमीटरशी देणंघेणं नसतं, ते हवेतून जातं. जास्त लांबीचा मार्ग कमी वेळात आणि कमी इंधनात पार होत असेल तर तोच खरा जवळचा मार्ग. म्हणून रोजचा मार्ग रोजच्या वाऱ्याच्या अंदाजावर ठरतो आणि कालची रेघ आज जशीच्या तशी लागू होईलच असं नाही.

या फेऱ्याला पुरेल एवढं इंधन विमानात असावं लागतं. न्यूअर्कच्या सेवेसाठी वापरलेल्या एअरबसच्या ए३५०-९०० यूएलआर (अतिदीर्घ पल्ल्याच्या) या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावतं, नेहमीच्या ए३५०-९०० पेक्षा २४,००० लिटर जास्त. त्याचा पल्ला १८,००० किलोमीटर सांगितला जातो, पण आसनं फक्त १६१ ठेवली आहेत. १५,३४४ किलोमीटरसाठी १८,००० चा पल्ला उधळपट्टी वाटेल. १६,७०० चा मार्ग, समोरचा वारा आणि राखीव इंधन धरलं की तो जेमतेम सोयीचा दिसतो. याआधी २००४ ते २०१३ हीच सेवा चार इंजिनांच्या ए३४०-५०० वर चालत होती. इंधनाचा खर्च न परवडल्याने ती बंद झाली आणि दोन इंजिनांचं विमान येईपर्यंत थांबावं लागलं.

वेग: ताशी ९०३ कुठून आला

अंतराला ताशी ८०० ने भागून अर्धा तास मिळवायचा, हा सर्रास चालणारा आडाखा. १५,३४९ ला तो लावला की १९ तास ४१ मिनिटं येतात. दोन-तीन तासांच्या प्रवासाला हा आडाखा बरा, कारण तिथे चढणं-उतरणं हाच मोठा भाग असतो आणि सरासरी वेग खाली येतो. इथे तो तोकडा पडतो. चुकीचं अंतर आणि चुकीचा वेग एकमेकांना थोडंफार सावरून घेतात, म्हणून उत्तर अगदीच हास्यास्पद दिसत नाही, एवढंच.

ए३५० चा नेहमीचा वेग माख ०.८५, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. प्रमाण वातावरणात ११ किलोमीटर उंचीवर उणे ५६.५ अंश तापमानाला तो ताशी १,०६२ किलोमीटर असतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०३. बाहेर हवा थोडी उबदार, उणे ४५ असेल, तर त्याच माख आकड्याला वेग ९२६ होतो. १५,३४९ ला ९०३ ने भागलं की अगदी १७ तास येतात. कागदावरचं हे १७ तासांचं उत्तर बिनवाऱ्याच्या जगातलं आहे, ज्यात विमान ध्रुवाशेजारून जातं आणि धावपट्टीवर पूर्ण वेगातच उभं असतं.

आता खऱ्याच्या जवळ जाऊ. मार्ग १६,७०० किलोमीटर घ्या. संपूर्ण मार्गाची सरासरी धरून पाठचा वारा ताशी ६० किलोमीटर समजा. हा मी हिशेबासाठी धरलेला आकडा आहे, ऋतूनुसार तो बदलेल. जमिनीवरचा वेग ९०३ + ६० = ९६३. १६,७०० भागिले ९६३ म्हणजे १७ तास २० मिनिटं. टर्मिनलपासून धावपट्टीपर्यंत सरकणं, चढण्या-उतरण्यातला मंद वेग आणि उतरल्यावर जागेवर पोचणं यांसाठी अर्धा तास मिळवला की १७ तास ५० मिनिटं. ११ ऑक्टोबर २०१८ ला निघालेलं न्यूअर्कचं पहिलं विमान १७ तास ५२ मिनिटांत पोचलं. दोन मिनिटांचा मेळ योगायोगाचा आहे, त्यावर फार भर देऊ नये. पण हिशेबाची मांडणी बरोबर आहे हे त्यातून कळतं: आधी खरा मार्ग, मग हवेतला वेग, मग वारा, आणि शेवटी जमिनीवरचा वेळ.

वेळापत्रकात यापेक्षा थोडी जास्त वेळ असते. ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतची, आणि तीत उशिरासाठी थोडी मोकळीक ठेवलेली असते. हवेतला वेळ आणि वेळापत्रकातला वेळ यांची सरमिसळ झाली की वीस-तीस मिनिटं कुठे गेली ते कळत नाही.

परतीचा प्रवास

परतीला वारा समोरून येणार, म्हणून वेळ खूप वाढेल असं वाटतं. त्याच पॅसिफिक मार्गाने परतायचं ठरवलं तर वेग ९०३ − ६० = ८४३, वेळ १९ तास ४९ मिनिटं, अधिक अर्धा तास, म्हणजे २० तासांच्या वर. जाता-येता एकच वारा असला तरी हिशेब फिटत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. दोन्ही फेऱ्यांची हवेतली वेळ मिळवली तर बिनवाऱ्याच्या बेरजेपेक्षा ती दहा मिनिटांनी जास्त भरते.

प्रत्यक्षात जेएफके सेवा ९ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली तेव्हा वेळापत्रक होतं जाताना १८ तास ५ मिनिटं, येताना १८ तास ४० मिनिटं. फरक फक्त ३५ मिनिटांचा. याचं कारण मला या संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत देखणं वाटतं. दोन्ही ठिकाणं रेखांशांनी जवळजवळ समोरासमोर असल्याने पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून, अंतर साधारण सारखंच. म्हणून न्यूयॉर्कहून निघालेलं विमान अनेकदा पॅसिफिककडे वळतच नाही. ते अटलांटिक आणि युरोप ओलांडून पुन्हा पूर्वेलाच जातं. जातानाही पूर्वेला, येतानाही पूर्वेला, वारा बराचसा पाठीशी, आणि एका परतीच्या तिकिटात पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा. अंतराच्या सूत्रात हे कुठेच दिसत नाही. सूत्राला जाणं आणि येणं सारखंच.

घड्याळ

शेवटी प्रवाशाला दिसतात ती तिकिटावरची वेळ आणि तारीख. २०२० च्या त्या वेळापत्रकात चांगीहून सुटायची वेळ रात्री २:२५ आणि जेएफकेला पोचायची सकाळी ७:३०, त्याच तारखेला. नुसती वजाबाकी केली तर पाच तास पाच मिनिटं!

सुरक्षित रीत एकच: दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा, मगच वजाबाकी करा. सिंगापूर यूटीसीच्या ८ तास पुढे. म्हणजे ९ नोव्हेंबरच्या रात्री २:२५ चे झाले ८ नोव्हेंबरचे १८:२५. न्यूयॉर्क हिवाळ्यात ५ तास मागे. ९ नोव्हेंबरच्या ७:३० चे झाले १२:३०. फरक १८ तास ५ मिनिटं. परतीला रात्री १०:३० ला सुटून पोचायची वेळ सकाळी ६:१०, तीही दोन दिवसांनंतरच्या तारखेला. यूटीसीत ३:३० ते २२:१०, म्हणजे १८ तास ४० मिनिटं.

इथली फसगत उन्हाळी वेळेची. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास पुढे असतं. सिंगापूर घड्याळ बदलत नाही. म्हणून फरक हिवाळ्यात १३ तास आणि उन्हाळ्यात १२. न्यूअर्कचं पहिलं विमान ऑक्टोबरात निघालं, तिथे १२ धरावे लागतात. जेएफकेची सेवा घड्याळ मागे गेल्यानंतरच्या आठवड्यात सुरू झाली, तिथे १३. सिंगापूरची वेळ नुसत्या रेखांशावरून ओळखायला जाऊ नये. १०४ अंश पूर्वेला हिशेबाने ७ तास यायला हवेत, पण १ जानेवारी १९८२ पासून तिथे ८ तासांची वेळ चालू आहे.

पॅसिफिकवरून जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते, म्हणून काहीजण वरून आणखी एक दिवस वजा करतात. ती वजाबाकी यूटीसीच्या फरकात आधीच झालेली असते. दुसऱ्यांदा केली की चोवीस तास चुकतात.

कोणता आकडा कशासाठी

दोन विमानतळांची नुसती तुलना करायची असेल तर १५,३४९ वापरावा. गोलाचे १५,३४० ही चालतील. इंधन किंवा विमानाचा पल्ला याबद्दल बोलायचं असेल तर मार्गाची लांबी हवी, १६,७०० च्या घरातली. न्यूयॉर्कला उतरून पुढचं विमान पकडायचं असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. तिथे वेळापत्रकातली पोचायची स्थानिक वेळ धरावी, त्या तारखेला फरक १२ तासांचा की १३ चा हे बघावं, आणि इमिग्रेशन, सामान व टर्मिनल बदलण्यासाठी वेळ वेगळा काढावा. जेट स्ट्रीमच्या जोरावर विमान वीस मिनिटं आधी उतरलं तरी ती मिनिटं त्या हिशेबात धरू नयेत, कारण वारा पडलेल्या दिवशी तेच विमान वेळेवर, नाहीतर उशिरा उतरतं.